लॅपटॉप सारखा चुकीच्याच वायफायला चिकटतो? आधी फुकटचे उपाय करून बघा

घरात किंवा ऑफिसात दोन-तीन वायफाय असले की हे दुखणं हमखास येतं. हॉलमधला मुख्य राउटर, आतल्या खोलीसाठी लावलेला रिपीटर, आल्यागेल्यांसाठी गेस्ट नेटवर्क, कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट, शिवाय नेट बंद पडलं तेव्हा एकदा पासवर्ड मागून वापरलेलं शेजाऱ्यांचं वायफाय. एवढ्यांतून लॅपटॉप नेमका नको त्याला जाऊन चिकटतो. तुम्ही हाताने बरोबर नेटवर्क निवडता, दिवसभर सुरळीत चालतं, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

छोट्या ऑफिसांची आणि दवाखान्यांची नेटवर्कं सांभाळणं हा माझा धंदा आहे. ‘नेट स्लो आहे’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच फोनांमागे शेवटी हेच निघतं. नवा राउटर किंवा मोठा प्लॅन घेण्याआधी खालच्या गोष्टी क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकट आणि पाच मिनिटांच्या आहेत, पुढे जाल तसा वेळ आणि खर्च वाढत जातो. मधली पायरी गाळू नका. शेवटच्या काही उपायांनी सगळंच पुसलं जातं, मग मूळ कारण काय होतं ते कळायला मार्ग राहत नाही.

लक्षणं

‘माझा लॅपटॉप चुकीच्या वायफायवर आहे’ असं सांगत कुणी येत नाही. तक्रार भलत्याच गोष्टीची असते.

प्रिंटर ऑफलाइन दाखवतो. ही सगळ्यांत फसवी तक्रार. मेल येतात, बँकेची साइट उघडते, फक्त प्रिंट जात नाही. मग लोक प्रिंटर बंद-चालू करतात, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. गेस्ट नेटवर्क बहुतेक राउटरमध्ये मुद्दामच असं केलेलं असतं की त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळावं, पण आतली यंत्रं दिसू नयेत. लॅपटॉप गेस्टवर गेला की त्याच्या लेखी तुमचा प्रिंटर नाहीच.

टॅली उघडते, पण कंपनी सापडत नाही, किंवा शेअर ड्राइव्हवर लाल फुली येते. डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल तर कारण वरचंच.

रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या असतात आणि तरी व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस थिजतो. लॅपटॉप रिपीटरवर आहे. दांड्या दिसतात त्या लॅपटॉप ते रिपीटर एवढ्याच अंतराच्या. रिपीटरला पुढे राउटरची किती रेंज मिळते ते लॅपटॉपला कळत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही.

फोनचा रोजचा २ जीबी डेटा सकाळी अकरालाच संपतो. लॅपटॉप हॉटस्पॉटवर बसून निवांत विंडोज अपडेट उतरवत असतो.

आणि आपल्याकडची खास तक्रार: लाइट जाऊन आली की बिघडतं, एरवी ठीक असतं. याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

लॅपटॉप निवडतो कसा

हे एकदा समजून घेतलं की अर्धे उपाय आपोआप सुचतात. कोणत्या वायफायला जोडायचं हे राउटर ठरवत नाही, लॅपटॉप ठरवतो. आणि तो ‘आत्ता सगळ्यांत वेगवान कोण’ हे बघत नाही. त्याच्याकडे आजवर जोडलेल्या नेटवर्कांची एक यादी असते. झाकण उघडलं की आसपास कोण कोण आहे ते तो ऐकतो, यादीशी ताडून बघतो आणि यादीत जो वर असेल त्याच्याकडे जातो.

विंडोजमध्ये या यादीचा क्रम तुमच्या हातूनच, पण तुमच्या नकळत लागतो. एका नेटवर्कवर असताना तुम्ही हाताने दुसरं निवडलं, की विंडोज दुसऱ्याला पहिल्याच्या वर चढवतं. म्हणजे ‘दोन मिनिटांसाठी’ हॉटस्पॉटला जोडलं, आणि उद्यापासून तोच लाडका. विंडोज ७ पर्यंत ही यादी समोर दिसायची आणि बाणांनी वरखाली करता यायची. विंडोज ८ पासून ती खिडकीच काढून टाकली. यादी अजून आहे, फक्त तशी बाणांनी वरखाली करता येत नाही.

दुसरी गोष्ट. एकदा एका नेटवर्कला जोडलं की रेंज पार जाईपर्यंत लॅपटॉप सहसा त्यालाच धरून बसतो. नंतर त्याहून चांगलं नेटवर्क आलं तरी हलत नाही. त्यामुळे सकाळी जे आधी भेटलं, तेच दिवसभर.

पायरी १: आत्ता कुठे आहात ते बघा

हसू नका. सगळ्यांत जास्त वेळ इथेच वाया जातो, कारण लोक नाव न बघता फक्त पंखा बघतात, म्हणजे ते कोपऱ्यातलं पंख्याच्या आकाराचं चिन्ह. त्यावर क्लिक करून नेटवर्कचं पूर्ण नाव वाचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. मूळ नाव आणि तेच नाव पुढे ‘ईएक्सटी’ किंवा ‘५जी’ लावून, अशी जुळी भावंडं यादीत असतात आणि घाईत सगळी एकसारखीच दिसतात.

थोडं खोलात जायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. ‘डब्ल्यूलॅन’ म्हणजे डब्ल्यू, एल, ए, एन ही चार अक्षरं. नेटवर्कचं नाव, चॅनेल, कोणत्या डब्याला (राउटर किंवा रिपीटरला) जोडलंय त्याचा पत्ता आणि सिग्नलची टक्केवारी समोर येते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ही माहिती दाखवायला लोकेशनची परवानगी लागते. नकार आला तर सेटिंग्जमध्ये लोकेशन चालू करून पुन्हा द्या. टक्केवारीचा अंदाज असा: ७० टक्के म्हणजे साधारण उणे ६५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), कॉलसाठी उत्तम. ५० च्या खाली गेलं की आवाज तुटायला लागतो. चॅनेल १ ते १३ मधला असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात, म्हणजे हळू आणि गर्दीच्या पट्ट्यात; ३६ किंवा त्यावरचा असेल तर ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वेगवान पट्ट्यात.

आता त्याच खुर्चीत बसून फोन बरोबर नेटवर्कला जोडा आणि वेग बघा. फोनवरही रडगाणं तेच असेल तर दोष लॅपटॉपच्या निवडीचा नाही. राउटर किंवा बाहेरून येणारी लाइन बघावी लागेल, आणि पुढच्या बऱ्याच पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. राउटरजवळच्या फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर इथेच थांबा आणि नेटवाल्याला फोन करा. फायबरची पिवळी किंवा पांढरी वायर ओढूनताणून बघू नका. आत काच असते.

पायरी २: लॅपटॉपच्या आठवणी साफ करा

माझ्या हिशोबाने हा एकच उपाय निम्म्याहून जास्त लोकांचं काम करतो, आणि याला एक पैसा लागत नाही.

एका सीए ऑफिसातलं उदाहरण. जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्नची गर्दी, टेबलावर फायलींचा डोंगर. लॅपटॉप रोज सकाळी गेस्टवर जायचा. “दादा, प्रिंटरच बदलून टाकू का?” असं विचारत होते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स असं आत गेलो. यादी संपता संपेना. महाबळेश्वरच्या हॉटेलचं वायफाय, कुठल्याशा मंगल कार्यालयाचं, स्टेशनवरचं रेलवायर, तीन आर्टिकल (शिकाऊ) मुलांचे हॉटस्पॉट (त्यातली दोन मुलं केव्हाच सोडून गेलेली), जुन्या राउटरचं नाव, ऑफिसचं गेस्ट, आणि पार खाली ऑफिसचं खरं नेटवर्क. गेस्टचा पासवर्ड पाहुण्यांना सांगण्याआधी कुणीतरी याच लॅपटॉपवर ‘चालतो का’ म्हणून तपासून बघितला होता, आणि तेव्हापासून तो खऱ्या नेटवर्कच्या वर जाऊन बसला होता. नको ती नावं ‘फरगेट’ केली. प्रिंटरच्या रांगेत अडकलेल्या प्रिंट धडाधड बाहेर पडायला लागल्या, त्यात तीच पावती सात वेळा.

पुसण्याआधी एक काम करा: जी नेटवर्कं पुढेही लागणार आहेत त्यांचे पासवर्ड लिहून ठेवा. ‘फरगेट’ म्हणजे पासवर्डसकट विसर. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत वायफायच्या सेटिंगमध्येच साठवलेला पासवर्ड बघायची सोय आहे. पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असेल असं गृहीत धरू नका, तो बहुधा कुणीतरी बदललेला असतो.

मॅकवाल्यांसाठी: सिस्टिम सेटिंग्ज, वायफाय, खाली अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे यादी मिळेल. पण आयक्लाउड कीचेन (अ‍ॅपलच्या सगळ्या यंत्रांवर पासवर्ड सारखे ठेवणारी सोय) चालू असेल तर मॅकवरून पुसलेलं नेटवर्क आयफोनवरूनही जातं. मग संध्याकाळी ‘माझ्या फोनचं वायफाय का गेलं?’ म्हणून घरात नवी चौकशी बसते.

बिनपासवर्डची सगळी नेटवर्कं मात्र डोळे मिटून पुसा. स्टेशन, कॅफे, विमानतळ, सगळी. लॅपटॉप नेटवर्क ओळखतो ते नावावरून. उघडं नेटवर्क ‘आपोआप जोड’ म्हणून साठवलेलं असेल, तर तेच नाव देऊन कुणीही आपला डबा चालू करू शकतो आणि तुमचा लॅपटॉप न विचारता त्याच्याकडे जाईल. रेलवायरला जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात झाली तेव्हापासून कितीतरी लॅपटॉपांत ते नाव पडून आहे. स्टेशनवर लागलं तर तेव्हा हाताने जोडता येतंच.

पायरी ३: ठेवायचं आहे, पण आपोआप जोडायचं नाही

हॉटस्पॉट पुसून चालत नाही, अडीनडीला लागतो. अशा नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज’वरची खूण काढा. आता तुम्ही क्लिक केल्याशिवाय तो जोडणार नाही. मात्र पुढच्या वेळी हाताने जोडताना त्याच नावाखाली ही चौकट पुन्हा समोर येते. खूण तशीच राहिली तर केलेलं काम वाया गेलं. नव्वद टक्के वेळा आजार परत येतो तो इथून.

मॅकमध्ये त्याच यादीत ‘ऑटो-जॉइन’ बंद करायचं, आणि ‘आस्क टू जॉइन हॉटस्पॉट्स’ हा पर्यायही तपासून घ्यायचा. उबंटूवर असाल तर प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा प्राधान्यक्रमाचा आकडा देता येतो. ज्याचा आकडा मोठा, त्याचा मान पहिला.

रिपीटर आणि मुख्य राउटर दोन्ही आपोआप हवे असतील, पण मुख्य दिसला की तिकडे जावं असं वाटत असेल, तर कंट्रोल पॅनलमध्ये नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडा, जोडलेल्या वायफायच्या नावावर क्लिक करा आणि वायरलेस प्रॉपर्टीजमध्ये जा. ‘लुक फॉर अदर वायरलेस नेटवर्क्स’ने सुरू होणारी एक चौकट आहे. रिपीटरला जोडलेले असताना तिच्यावर खूण करा. मग यादीत वरचं नेटवर्क रेंजमध्ये आलं की लॅपटॉप रिपीटरला सोडतो. मुख्य नेटवर्कवर असताना मात्र ही खूण नको, नाहीतर तो उगाच इकडेतिकडे उड्या मारत बसेल आणि प्रत्येक उडीला तुमचा कॉल तुटेल.

पायरी ४: नावांचा घोळ

लॅपटॉपच्या लेखी नाव हीच ओळख, हे वर आलंच. यातून दोन उलट्या भानगडी निघतात.

पहिली: नाव एक, पासवर्ड वेगळे. एकाच कंपनीचे राउटर सोसायटीभर लागलेले आणि कुणीच नाव बदललेलं नाही. किंवा जुन्या सॅमसंग फोनांचा ‘अँड्रॉइडएपी’ नावाचा हॉटस्पॉट, तो तर चार जणांच्या खिशात एकाच वेळी असू शकतो. लॅपटॉप तुमचा पासवर्ड घेऊन भलत्याच दारावर थाप मारतो आणि ‘कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क’ म्हणून परत येतो. उपाय सोपा: राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडणारं त्याच्या सेटिंगचं पान) जाऊन नाव बदला. नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव टाकू नका, चोराला कशाला पत्ता द्यायचा. बदलल्यावर टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर सगळ्यांना नवं नाव शिकवावं लागेल, तेव्हा हे काम रविवारी करा.

दुसरी: काम एक, नावं दोन. राउटरचं एक, रिपीटरचं दुसरं. लॅपटॉपला ही दोन परकी नेटवर्कं वाटतात, त्यामुळे खोली बदलली तरी तो जुन्यालाच लोंबकळत राहतो. दोन्ही डबे तुमचेच असतील आणि दोन्हींवरून सारखंच सगळं दिसत असेल, तर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही तंतोतंत एकसारखे ठेवा. मग लॅपटॉप त्यांना एकच घर समजतो आणि जवळच्याकडे सरकायला तयार होतो. गेस्टचं नाव मात्र कधीही सारखं ठेवू नका.

नाव लपवायच्या फंदात पडू नका. लपवलेल्या नेटवर्कसाठी लॅपटॉप जाईल तिथे ‘अमुक आहे का’ असं नाव घेऊन हाका मारत फिरतो. सुरक्षा वाढत नाही, जोडायला वेळ मात्र लागतो.

पायरी ५: लाइट जाऊन आल्यावर बिघडत असेल

लाइट गेली, सगळे डबे बंद पडले, पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच. लाइट येते तेव्हा जो आधी उठेल त्याला लॅपटॉप पकडतो, आणि पकडलं की सोडत नाही. रिपीटर किंवा शेजाऱ्यांचा इन्व्हर्टरवरचा राउटर चालू असेल तर लॅपटॉप तिकडे जाणार हे उघड आहे.

पण एकच राउटर असतानाही हे होतं, ते कसं? ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून वापरायचे असतात. हवामानाची काही रडार त्याच पट्ट्यात चालतात. म्हणून राउटरला अशा चॅनेलवर बोलायच्या आधी किमान ६० सेकंद कान देऊन ऐकावं लागतं. तेवढ्यात त्याचं २.४ गिगाहर्ट्झ सुरू होऊन बसलेलं असतं. लॅपटॉप त्याला चिकटतो आणि दिवसभर तिथेच राहतो. तुम्ही २०० एमबीपीएसचे पैसे भरता आणि भरगच्च बिल्डिंगमध्ये हातात त्याचा तुकडा पडतो. राउटरच्या पानावर ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ करा. तिथे ही वाट बघणं नाही.

त्याहून चांगलं म्हणजे राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना छोटा १२ व्होल्टचा राउटर यूपीएस लावा. साधारण हजार-दोन हजारांत मिळतो. घेताना दोन्ही डब्यांच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. या आख्ख्या लेखात मी आनंदाने करायला सांगीन असा खर्च हा एवढाच.

पायरी ६: हवं ते नेटवर्क यादीत दिसतच नसेल तर

फोनला दिसतं, लॅपटॉपला दिसत नाही, किंवा दिसूनही जोडत नाही. तीन कारणं तपासा.

लॅपटॉपचं कार्ड जुनं आणि फक्त २.४ चं असेल. मघाचीच आज्ञा ‘इंटरफेसेस’च्या जागी ‘ड्रायव्हर्स’ लिहून दिली की कार्ड कोणकोणते प्रकार चालवू शकतं ते कळतं. ८०२.११ पुढे नुसतं बी, जी, एन असेल आणि ए किंवा एसी नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ त्या कार्डाच्या नशिबात नाही. यूएसबीचा दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) घेणारा डोंगल लावा. लॅपटॉप बदलायची गरज नाही.

लॅपटॉप अमेरिकेहून आला असेल. मुलाने किंवा भाचीने आणलेला, बाकी एकदम झकास. आपल्याकडे २.४ मध्ये १३ चॅनेल वापरतात, अमेरिकेत ११ पर्यंतच. तिकडच्या काही कार्डांना १२ आणि १३ वरचं नेटवर्क दिसतच नाही. राउटर ‘ऑटो’वर असेल तर तो एखाद दिवशी १३ वर जातो आणि लॅपटॉपसाठी गायब होतो, पुन्हा ६ वर आला की प्रकट होतो. लोकांना ही भुताटकी वाटते. राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्का करा.

तिसरं, नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ (सुरक्षेचा नवा प्रकार) चालू ठेवलेलं असेल. हे नेटवर्क दिसतं, पण जुना लॅपटॉप जोडू शकत नाही आणि गुपचूप जुन्या रिपीटरकडे वळतो. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा.

राउटरच्या जागेबद्दल इथेच सांगून टाकतो. लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा मायक्रोवेव्हच्या शेजारी ठेवू नका. मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतो.

पायरी ७: कार्डाच्या आतल्या सेटिंग्ज

इथपर्यंत बहुतेकांचं काम झालेलं असतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्समध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्डवर जा. इंटेलच्या कार्डांत ‘प्रिफर्ड बँड’ आणि ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ असे दोन पर्याय दिसतात. पहिल्यात ५ गिगाहर्ट्झ निवडा. दुसऱ्याच्या पाच पायऱ्या असतात, मूळ सेटिंग मधली. लॅपटॉप लांबच्या डब्याला लोंबकळत असेल तर एक पायरी वर न्या. एकदम सगळ्यांत वर नेलं तर तो दर थोड्या वेळाने नवं काही मिळतंय का बघत फिरतो. लक्षात घ्या, ही दोन्ही सेटिंग्ज एकाच नावाच्या डब्यांमध्ये निवड करताना कामाला येतात. वेगळ्या नावाच्या दोन नेटवर्कांत त्यांचा उपयोग नाही. नेटवर हे उपाय सरसकट सुचवलेले दिसतात, म्हणून सांगितलं.

तिथेच पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवायला हे यंत्र बंद करायची मुभा’ या अर्थाची खूण असेल तर काढा. झोपेतून उठल्यावर लॅपटॉप भलतं नेटवर्क धरत असेल तर याने फरक पडतो. ड्रायव्हर हवा तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका. ती काढायला मला वेगळे पैसे मिळतात.

लॅनची केबल लावल्यावर वायफाय जात असेल तर तो बिघाड नाही. विंडोज केबलला प्राधान्य देतं, आणि काही ऑफिस-लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या आतल्या सेटिंगमध्ये) केबल लागली की वायफाय बंद करायची सोयच असते.

पायरी ८: यादीचा क्रम स्वतः लावा

‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स’ दिलं की तीच यादी तिच्या क्रमाने दिसते. क्रम बदलायची आज्ञा ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट प्रोफाइलऑर्डर’. तिला नेटवर्कचं नाव, इंटरफेसचं नाव (पायरी १ च्या आज्ञेत दिसतं ते) आणि प्रायॉरिटी १ एवढं सांगावं लागतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. नाव जसंच्या तसं हवं, लहान-मोठ्या अक्षरांसकट, मधे जागा असेल तर अवतरणचिन्हांत. मेहनत घेऊन क्रम लावाल आणि उद्या कुणी हाताने हॉटस्पॉट निवडला की तो पुन्हा वर जाईल, हेही ठाऊक असू द्या. म्हणून तर हा उपाय साफसफाईच्या नंतर ठेवला आहे.

पायरी ९: नेटवर्क रिसेट

सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जखाली आहे. याने सगळी साठवलेली वायफाय जातात, कार्डं काढून पुन्हा बसवली जातात आणि लॅपटॉप रीस्टार्ट होतो. ऑफिसचं व्हीपीएन असेल तर ते बहुधा पुन्हा टाकावं लागतं. हाताने दिलेला आयपी पत्ता असेल तर आधी त्याचा फोटो काढा. दुपारी बारा वाजता, कामाच्या ऐन गर्दीत हे बटण दाबायचं नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल आणि सेटिंगच्या वर ‘ऑर्गनायझेशन’ने हे सांभाळलंय अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर हात लावू नका. तिथली यादी आयटीवाले दुरून भरतात. तुम्ही पुसाल, ती परत येईल, आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड चालत नसेल तर मागचं रिसेटचं भोक टाचणीने दाबू नका. काही जोडण्यांत नेटवाल्याचा यूजरनेम-पासवर्ड राउटरमध्येच भरलेला असतो. तो पुसला गेला तर सगळ्या घराचं नेट जातं. नेटवाल्यालाच बदलायला सांगा.

दोन-तीन मजल्यांचं ऑफिस, शाळा किंवा हॉस्पिटल असेल तर रिपीटरवर रिपीटर लावत जाऊ नका. तिथे केबल ओढून अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारे डबे) बसवावे लागतात आणि चॅनेल आखून द्यावे लागतात. ते जाणत्या माणसाचं काम आहे.

शेवटचं, यंत्राचा दोष. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय कार्डच मधूनमधून गायब होत असेल, झाकण ठरावीक कोनात असतानाच रेंज येत असेल, किंवा कीबोर्ड, बॅटरी किंवा स्क्रीन बदलून आणल्यापासून लांबची नेटवर्कं दिसेनाशी झाली असतील, तर संशय अँटेनाच्या वायरींवर घ्यायचा. कार्डावर काळी आणि पांढरी अशा दोन बारीक वायरी तांदळाच्या दाण्याहून लहान टोप्यांनी बसवलेल्या असतात. दुरुस्तीत एखादी निघून राहिली की लॅपटॉपला फक्त अगदी जवळचं नेटवर्क ऐकू येतं, मग तो तेच निवडणार. त्या टोप्या तिरक्या दाबल्या तर कार्डावरचा सॉकेट उखडतो, म्हणून घरी करून बघू नका. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटर, नसेल तर ज्याने शेवटचं उघडलं त्याच्याकडेच परत न्या आणि एवढंच सांगा: “याच टेबलावर फोनला पूर्ण रेंज आहे, लॅपटॉपला ३० टक्के. अँटेना बघा.”